कर्मा : एका हौशी वादकाची संस्था

कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात एका उंचवट्यावर ‘द नोल’ नावाची जुनी, वाड्यासारखी ऐसपैस इमारत आहे. 1918 साली ती विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या निवासासाठी बांधली गेली. 1986 पासून तिथे ‘सेंटर फॉर कॉम्प्युटर रिसर्च इन म्युझिक अँड अकूस्टिक्स’ हे केंद्र नांदते आहे. एवढे लांब नाव रोज कोण घेणार? आद्याक्षरे जोडून तिथली मंडळी त्याला ‘कर्मा’ म्हणतात. मराठी कानाला हा उच्चार घरचा वाटेल, पण त्यातून तत्त्वज्ञान काढायला जाऊ नये. ती निव्वळ अक्षरांची सोय आहे. संस्थेच्या स्थापनेचे साल 1975 असे दिले जाते आणि संस्थापक म्हणून जॉन चाउनिंग यांचे नाव पहिले येते. कागदोपत्री हे अगदी बरोबर आहे. तरीही या संस्थेचा इतिहास लिहायचा तर तो 1975 पासून आणि स्टॅनफर्डपासून सुरू करता येत नाही, असे माझे म्हणणे आहे. तो अठरा वर्षे मागे जाऊन, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, न्यू जर्सीतल्या मरे हिल या गावी एका टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतून सुरू करावा लागतो. मॅक्स मॅथ्यूज हे इंजिनिअर तिथे नोकरीला होते. 13 नोव्हेंबर 2026 ला त्यांच्या जन्माला शंभर वर्षे होतात. ते व्हायोलिन वाजवत, पण हौसेने, धंदा म्हणून नव्हे. आज ही संस्था ज्या रीतीने चालते, तिची मुळे या हौशीपणात आहेत.

मॅथ्यूज यांचा जन्म नेब्रास्का राज्यातल्या कोलंबस गावचा. व्हायोलिन लहानपणीच हातात आले होते. महायुद्धाच्या काळात नौदलात रेडिओ-रडारच्या यंत्रांशी ओळख झाली, मग 1950 मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची विद्युत अभियांत्रिकीची पदवी, 1954 मध्ये एमआयटीची डॉक्टरेट आणि 1955 मध्ये टेलिफोन कंपनीची ती प्रयोगशाळा, बेल लॅबोरेटरीज. तिथे ते 1987 पर्यंत राहिले, म्हणजे एका नोकरीत बत्तीस वर्षे. त्यांच्या चरित्रात नाट्य शोधणाऱ्याची इथे निराशा होते. पत्नी, तीन मुलगे, नोकरी, आणि उरलेल्या वेळात व्हायोलिन. आपल्याकडे बँकेत किंवा टपालखात्यात इमानेइतबारे खर्डेघाशी करून संध्याकाळी पेटी उघडणारी जी पिढी होती, तिच्या पठडीतलाच हा माणूस. फरक इतकाच, की यांच्या कचेरीत जगातली सर्वोत्तम यंत्रसामग्री होती आणि यांचे वरिष्ठ होते जॉन पियर्स. ट्रान्झिस्टरला ‘ट्रान्झिस्टर’ हे नाव देणारे ते हेच.

टेलिफोन कंपनीला संगीताशी काय देणे-घेणे? सरळ उत्तर असे, की काहीही नाही. कंपनीला हवे होते बोलणे. एकाच तारेवरून अधिकाधिक संभाषणे पाठवायची तर आवाज काटकसरीने कसा पाठवावा याच्या नाना युक्त्या तपासून पाहाव्या लागत, आणि प्रत्येक युक्तीसाठी नवे यंत्र जोडत बसणे खर्चिक व वेळखाऊ होते. मॅथ्यूज यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग काढला. आवाजाची लहर सेकंदाला हजारो वेळा मोजायची, ते आकडे संगणकात घालायचे, यंत्राऐवजी गणिताने त्यांच्यावर प्रक्रिया करायची, आणि बाहेर आलेले आकडे पुन्हा विजेच्या लहरीत बदलून ध्वनिक्षेपकाला द्यायचे. ही ये-जा करणारी साधने मरे हिलला तयार झाली तेव्हा एक गोष्ट आपोआप सिद्ध झाली. बाहेर येणाऱ्या आकड्यांना आत कोणी बोललेच पाहिजे असे बंधन राहिले नाही. आकडे कोरे करकरीत, केवळ हिशेबाने तयार केलेले असले, तरी ध्वनिक्षेपक ते निमूटपणे वाजवणार. मॅथ्यूज स्वतः सांगत ती हकीकत अशी, की ते आणि पियर्स एका पियानोच्या मैफलीला गेले होते, काही रचना रुचल्या, काही रुचल्या नाहीत, आणि मध्यंतरात पियर्स म्हणाले, संगणक याहून बरे करील, तू कार्यक्रम (प्रोग्रॅम) लिही. अशा हकीकती सांगून सांगून गुळगुळीत होतात, म्हणून तिच्यावर फार भार टाकू नये. वरिष्ठांनी वेळ दिला आणि हिशेब मागितला नाही, एवढे मात्र तिच्यातून खात्रीने निघते.

17 मे 1957 रोजी ‘म्युझिक वन’ या कार्यक्रमाने तयार केलेली पहिली रचना ऐकली गेली. सहकारी न्यूमन गटमन यांनी ती रचली होती, नाव ‘द सिल्व्हर स्केल’, लांबी सतरा सेकंद. त्या वेळी मरे हिलला पुरेसा समर्थ संगणक नव्हता. न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवरील आयबीएमच्या कचेरीत ‘704’ होता, तिथे आकडेमोड करायची आणि चुंबकीय फीत घेऊन न्यू जर्सीला परतायचे, मग ती ऐकायची. एकच आवाज, एकच लहर, तीही त्रिकोणी. फक्त स्वराची उंची, जोर आणि लांबी बदलता येई. ऐकायला ते काही फार सुखद नाही, आणि मॅथ्यूज यांनीही तसा दावा कधी केला नाही. प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या कोणी कदाचित इथेच टाळ्या घेऊन विषय संपवला असता.

आता पहिला आक्षेप. संगणकाने वाजवलेले हे पहिले संगीत नव्हते. सिडनीतल्या ‘सीसिरॅक’ या यंत्राने 1950-51 च्या सुमारास चाली वाजवल्या होत्या, आणि मँचेस्टरच्या ‘फेरांटी मार्क वन’चे 1951 मधले ध्वनिमुद्रण आजही उपलब्ध आहे. मग पहिलेपणाचा मान मॅथ्यूज यांना का? तो देऊच नये, असे मी म्हणेन. सिडनी आणि मँचेस्टरच्या यंत्रांत संगणकाचे विद्युत ठोके थेट ध्वनिक्षेपकाला दिले जात. ठोक्यांची गती बदलली की स्वर बदले. धून निघे, पण आवाजाचा पोत यंत्राचा जो असेल तोच. दारावरच्या घंटीवर कोणी ‘सा रे ग म’ वाजवून दाखवावे, तसा तो प्रकार. मॅथ्यूज यांच्या पद्धतीत लहरीचा प्रत्येक क्षण आकड्याने लिहिलेला असतो, म्हणून तत्त्वतः कोणताही आवाज लिहिता येतो, मग तो सनईचा असो, पावसाचा असो वा कधीच न ऐकलेला असो. आधीच्यांनी संगणकाकडून गाणे म्हणवून घेतले. मॅथ्यूज यांनी संगणकाचे वाद्य केले. पण हेही अजून माझ्या मुद्द्याचे मर्म नव्हे.

मर्म 1960 च्या ‘म्युझिक थ्री’मध्ये आहे. ‘म्युझिक वन’ने एक आवाज दिला होता, ‘म्युझिक टू’ने चार. पुढची सरळ पायरी म्हणजे आठ, सोळा, बत्तीस तयार आवाजांचा संच. बाजारातल्या कोणत्याही वाद्यविक्याने तेच केले असते. मॅथ्यूज यांनी आवाज देणेच थांबवले आणि आवाज बांधण्याचे सुटे भाग दिले. एक भाग लहर निर्माण करतो, एक दोन लहरींची बेरीज करतो, एक गुणाकार, एक जोर चढवतो-उतरवतो. या भागांना त्यांनी ‘युनिट जनरेटर’ म्हटले. ते कसे जोडायचे हे संगीतकाराने ठरवायचे आणि जोडून झालेल्या वस्तूला ‘वाद्य’ म्हणायचे. कोणते वाद्य कधी, किती वेळ, कोणत्या स्वरात वाजेल हे वेगळ्या कागदावर लिहायचे. तो झाला ‘स्कोअर’. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिराने तयार तंबोरा देण्याऐवजी भोपळा, दांडी, घोडी, खुंट्या आणि तारा समोर मांडाव्यात आणि तुम्हाला हवे ते बांधा म्हणावे, असा हा व्यवहार. ज्याला स्वतःच्या संगीताविषयी ठाम मते आहेत तो असे सहसा करत नाही. तो आपल्या आवडीचे वाद्य बनवतो आणि ते श्रेष्ठ आहे असे पटवत हिंडतो. आपल्या वादनाची मर्यादा पुरेपूर ठाऊक असलेला, पण संगीतावाचून करमत नसलेला माणूस मात्र निर्णय दुसऱ्यावर सोपवू शकतो. संस्थेच्या स्वभावाचे मूळ हौशीपणात आहे म्हणतो ते यासाठी.

यावर कोणी म्हणेल की ही उदारता नव्हे, नाइलाज होता. स्वतःला चांगले संगीत रचता येत नव्हते म्हणून दुसऱ्यांना बोलावले. असे म्हणणारा फार चुकत नाही. सुरुवातीचे आवाज मृतवत होते, आणि त्याचे कारण शोधण्यासारखे आहे. पुस्तकातल्या चित्राप्रमाणे उपस्वरांचे ठरावीक प्रमाण घेतले की तुतारीचा आवाज यावा, पण येत नसे. आपल्याकडे तंबोरा लावणाऱ्याला याचे उत्तर हाताने ठाऊक असते: जवारी बसवली की स्वयंभू स्वर एकदम उभे राहत नाहीत, तार छेडल्यावर ते एकामागून एक उमलतात आणि विरतात. आवाज म्हणजे प्रमाण नव्हे, प्रमाणाची वाटचाल. हे आकड्यांत मांडले जाँ-क्लोद रिसे यांनी. फ्रान्समधून बेल लॅब्समध्ये आलेले हे भौतिकशास्त्रज्ञ संगीतकारही होते. 1960 च्या दशकाच्या मध्यात त्यांनी तुतारीच्या आवाजाची चिरफाड करून दाखवले, की जोर वाढतो तसे वरचे उपस्वर अधिक प्रमाणात वाढतात. ही बाब संगणकाला सांगितली की तुतारी तुतारीसारखी वाजते. रिसे, जेम्स टेनी आणि पुढे लॉरी स्पीगल या संगीतकारांसाठी टेलिफोन कंपनीचे दार उघडे ठेवणारे मॅथ्यूज होते. 1963 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांनी संगणक हे वाद्य म्हणून कसे वापरता येईल यावर लेख लिहिला. त्यातला युक्तिवाद असा, की या वाद्याला तात्त्विक मर्यादा नाही, मर्यादा आहे ती खर्चाची आणि माणूस कसे ऐकतो याविषयीच्या आपल्या तोकड्या ज्ञानाची. आपले यंत्र तयार आहे, कमी आहे ती संगीतज्ञांची, असे इंजिनिअरने छापून कबूल करणे हा माझ्या मते त्या लेखाचा सर्वांत मोठा गुण आहे.

तो लेख स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्याने वाचला. जॉन चाउनिंग हे तालवाद्ये वाजवणारे, पॅरिसमध्ये नादिया बुलांजे यांच्याकडे रचनेचे धडे घेतलेले संगीतकार होते. संगणकाची त्यांना ओळखही नव्हती. 1964 मध्ये ते बेल लॅब्समध्ये मॅथ्यूज यांना भेटायला गेले आणि ‘म्युझिक फोर’च्या पंच कार्डांची पेटी घेऊन परतले. ना करारपत्र, ना शुल्क. स्टॅनफर्डला एका पदवीपूर्व विद्यार्थ्याच्या मदतीने ते कार्यक्रम लिहायला शिकले आणि विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेच्या यंत्रावर संधी मिळेल तेव्हा काम करू लागले. ती प्रयोगशाळा गावाबाहेरच्या टेकड्यांत ‘डी. सी. पॉवर’ या इमारतीत होती. हे नाव एका उद्योगपतीचे. विजेच्या एकदिश प्रवाहाशी त्याचा संबंध नाही, पण तिथल्या इंजिनिअरांनी या योगायोगावर विनोद केले नसतील हे संभवत नाही. 1967 मध्ये चाउनिंग यांना शोध लागला तो असा. स्वराला कंप दिला की तो सेकंदाला पाच-सहा हेलकाव्यांपर्यंत कंप म्हणूनच ऐकू येतो. पण कंपाची गती शेकड्यांत नेली की हेलकावा नाहीसा होतो आणि स्वराचा रंगच बदलतो. म्हणजे दोनच दोलकांतून (लहर निर्माण करणाऱ्या भागांतून), एकाने दुसऱ्याला हलवून, घंटा, पितळी वाद्ये, लाकडी वाद्ये असे आवाज काढता येतात. रिसे यांना जी उपस्वरांची वाटचाल एकेक करून लिहावी लागली, ती इथे एका आकड्याच्या चढउताराने साधते. हा शोध मॅथ्यूज यांचा नाही. पण ज्या दोन दोलकांची जोडणी बदलून तो लागला ते दोलक मॅथ्यूज यांनी सुटे दिलेले होते. तयार वाद्य दिले असते तर त्याच्या पोटात हात घालून तारा उलटसुलट जोडण्याची मुभा कोणाला मिळाली असती?

पुढची गोष्ट पैशाची आहे, आणि आक्षेप घेणाऱ्याला इथे खरा जोर मिळतो. तो म्हणेल: बेल लॅब्सने पंच कार्डे फुकट वाटली, कारण विकता येत नव्हती. 1956 च्या न्यायालयीन तडजोडीनुसार मातृकंपनीला दूरसंचाराखेरीज अन्य व्यवसायात उतरण्यास मनाई होती. वर टेलिफोनची मक्तेदारी, म्हणजे पैशाची ददात नाही. अशा ठिकाणी उदार होणे सोपे. याउलट स्टॅनफर्डने चाउनिंग यांच्या शोधाचे पेटंट घेतले, जपानच्या यामाहा कंपनीला हक्क दिले, 1983 मध्ये ‘डीएक्स सेव्हन’ हे वाद्य बाजारात आले, एक लाखाहून अधिक खपले, आणि विद्यापीठाला दोन कोटी डॉलर्सहून अधिक मिळाले. (मधल्या काळात याच विद्यापीठाने चाउनिंग यांना कायम करण्यास नकार देऊन घरी पाठवले होते आणि पुढे परत बोलावले, हे हिशेबाच्या वहीत दिसत नाही.) तर मग संस्था उभी राहिली ती मॅथ्यूज यांच्या दातृत्वावर की पेटंटच्या उत्पन्नावर? तडजोडीने कंपनीचे न विकणे समजते. मॅथ्यूज यांनी केलेला खटाटोप मात्र तिने समजत नाही. 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ‘म्युझिक फाइव्ह’ मुख्यतः फोर्ट्रान भाषेत नव्याने लिहिला, जेणेकरून तो कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर चालावा. आधीचा एका विशिष्ट यंत्राला बांधलेला होता. 1969 मध्ये ‘द टेक्नॉलॉजी ऑफ कॉम्प्युटर म्युझिक’ या पुस्तकात त्यांनी त्याची रचना अथपासून इतिपर्यंत छापली. कायदा माणसाला विकू नको म्हणू शकतो, शिकवत बस असे सांगत नाही. आणि स्टॅनफर्डच्या पैशाविषयी एवढेच, की तो आला तेव्हा खर्च करायला आधीच एक कार्यशाळा अस्तित्वात होती.

घराण्याचा दाखला इथे टाळता येत नाही, जरी तो सावधपणे वापरायला हवा. प्रिन्स्टनला ‘म्युझिक फोर’च्या सुधारलेल्या आवृत्त्या झाल्या, एमआयटीत बॅरी व्हर्को यांनी त्याच वंशातून ‘सीसाउंड’ केला, पॅरिसमध्ये संगीतकार पिएर बूलेझ यांनी ‘इरकाम’ ही संस्था उभारताना मॅथ्यूज यांना 1974 ते 1980 या काळात वैज्ञानिक सल्लागार नेमले. ही झाली शाखांची वाढ. पण गायनाच्या घराण्यात गुरूचा गळा शिष्याच्या गळ्यात उतरतो, नाही उतरला तर घराणे संपले म्हणतात. इथे उतरली ती जोडणीची रीत; संगीत प्रत्येकाचे वेगळे, पुष्कळदा परस्परविरोधी. ‘कर्मा’त चाउनिंग यांच्यासह लेलंड स्मिथ, अँडी मूरर, जॉन ग्रे आणि लॉरेन रश ही मंडळी 1975 च्या स्थापनेत होती, त्यांत कोणी स्वरलेखनाचा छापखाना संगणकावर आणत होते, तर कोणी आवाजाचा पोत मनाला कसा जाणवतो ते मोजत होते. एका छताखाली हे सगळे भांडणाविना मावले, कारण साधनांनी कोणाचीच बाजू घेतलेली नव्हती.

मॅथ्यूज स्वतः स्टॅनफर्डला आले ते 1987 मध्ये, साठी उलटल्यावर, संगीत विभागात संशोधन प्राध्यापक म्हणून. पियर्स त्याआधीच तिथे पोहोचले होते. 1989 च्या भूकंपात ‘द नोल’ची नासधूस झाली आणि इमारत पूर्ण दुरुस्त होऊन 2005 मध्ये पुन्हा खुली झाली, या मधल्या काळातही काम थांबले नाही. मॅथ्यूज यांचे त्या वर्षांतले लाडके अपत्य म्हणजे ‘रेडिओ बॅटन’. दोन काठ्या आणि एक पाटी. काठी पाटीवर कुठे आणि किती उंचीवर आहे हे यंत्राला रेडिओलहरींवरून कळते. स्वर आधीच संगणकात लिहून ठेवलेले असतात. वाजवणाऱ्याने काठी आपटली की पुढचा स्वर येतो. लय, जोर, रंग त्याच्या हाती. बोटे तयार नसलेल्या पण कान तयार असलेल्या माणसासाठी बनवलेले हे वाद्य आहे, आणि हे ज्याला सुचले त्याने बोटांची अडचण आयुष्यभर सोसलेली असणार. आपल्या ख्यालगायकाला मात्र हे वाद्य कुचकामी वाटेल. त्याच्यापुढे ठेका बांधलेला असतो आणि स्वर मोकळे. इथे स्वर बांधलेले आणि लय मोकळी. जे मोकळे सोडायचे तेच बांधले, असे तो म्हणेल, आणि त्याच्या बाजूने त्याचे बरोबरच आहे. पाश्चात्त्य स्वरलिपीतून लिहून ठेवलेल्या संगीतापुरताच या काठ्यांचा खरा उपयोग. मॅथ्यूज यांच्या कामातली ही मर्यादा त्यांच्या चाहत्यांनी पुरेशी बोलून दाखवलेली नाही.

त्यांची जगभर पोहोचलेली ख्याती मात्र यांपैकी कशावरही उभी नाही. 1961 मध्ये जॉन केली आणि कॅरोल लॉकबॉम यांनी संगणकाकडून ‘डेझी बेल’ हे जुने गाणे म्हणवून घेतले, त्याची साथ मॅथ्यूज यांनी तयार केली. पियर्स यांच्याकडे पाहुणे आलेले लेखक आर्थर सी. क्लार्क यांनी ते ऐकले, आणि त्यांनी सहलेखन केलेल्या 1968 च्या ‘2001 : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात बंद पडत चाललेला संगणक तेच गाणे गातो. साथीदाराचे नाव कोणाला आठवत नाही, हा अनुभव आपल्या मैफलींनाही नवा नाही.

21 एप्रिल 2011 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते गेले. सत्तरी ओलांडल्यावरही ते आवाजाच्या नव्या गाळण्यांवर (फिल्टर्सवर) आणि आवाज घडवण्याच्या नव्या पद्धतींवर तरुण सहकाऱ्यांबरोबर शोधनिबंध लिहीत होते. इरकाममध्ये मिलर पकेट यांनी 1980 च्या दशकात केलेल्या एका कार्यक्रमाला ‘मॅक्स’ नाव देण्यात आले ते त्यांच्या सन्मानार्थ. मैफलीत, नाटकात, कलादालनांत तो आज जगभर वापरला जातो. पडद्यावर छोटे चौकोन मांडायचे आणि रेघांनी एकमेकांना जोडायचे. एक चौकोन लहर देतो, एक बेरीज करतो, एक गुणाकार. 1960 मध्ये हीच जोडणी कार्डांना भोके पाडून करावी लागे.